दुसरा हिसका

फार पूर्वी, धुक्याला घरी परतायची घाई नसे त्या काळी, एका नदीच्या काठी एक गाव होतं. ते गाव सकाळी डोळ्यांनी चालत नसे, हातांनी चाले.

पहाटे नदीतून धुकं वर यायचं ते इतकं दाट, की आपलाच हात लांब केला तर पुढची बोटं दुसऱ्या कुणाची वाटावीत. कोंबडा आरवायचा, पण कुठून ते कळायचं नाही. म्हशींची नुसती शिंगं तरंगत पाण्याकडे जायची. देवळाचा कळस एखाद्या दिवशी जागेवर असायचा, एखाद्या दिवशी नसायचा. दिवस कासराभर वर येईपर्यंत सगळं असंच.

म्हणून त्या गावानं दोर बांधले होते. या दारापासून त्या दारापर्यंत, त्या दारापासून पुढच्या दारापर्यंत, असे वरच्या आळीपासून थेट खाली घाटापर्यंत. घायपाताची पानं कुजवून त्यांचा वाख काढायचा, वाखाचा दोर वळायचा आणि आपल्या दारापासून वरच्या शेजाऱ्याच्या दारापर्यंत बांधायचा. झिजला की ज्याचा त्यानं बदलायचा. माणसं दोरावर हात ठेवून चालायची आणि आपण कुठं आलो ते तळव्याला कळायचं. तेल्याचा दोर बुळबुळीत. विणकराचा मऊ, मध्येच एखादा सुती धागा लागणारा. ठकूमावशीचा दोर जाडजूड आणि खरखरीत, थेट तिच्या बोलण्यासारखा.

रोज सकाळी वरच्या आळीतले दोरतात्या आपल्या दोराला एक हिसका देत. गावातल्या दोरांची देखरेख त्यांच्याकडे होती आणि ती ते देवपूजेसारखी करत. तो हिसका घराघरांतून खाली उतरायचा, घाटाजवळच्या शेवटच्या घरापर्यंत पोचायचा आणि तिथून उत्तर होऊन परत वर यायचा. एक हिसका म्हणजे ‘आहोत, सगळं ठीक.’ दोन हिसके म्हणजे ‘धावा.’

पण दोन हिसके द्यायचे ते तीनच कारणांसाठी. आग, पूर आणि बिबट्या. तात्या हे बोटांवर मोजून सांगत आणि चौथं बोट दुमडूनच ठेवत. एकदा एका नव्या सुनेनं, दूध उतू गेलं म्हणून घाबरून दोन हिसके दिले होते. सगळं गाव धापा टाकत तिच्या चुलीपाशी जमलं. त्याला अकरा वर्षं झाली, तिची पोरं मोठी झाली, तरी गाव अजून तिला ‘उतू’च म्हणायचं. त्यानंतर दोन हिसके द्यायची छाती कुणाला होणार?

त्यामुळे गावाची एक समजूत पक्की झाली होती. एक हिसका आला ना? मग तिथं ठीकच आहे. दोर कशाला खोटं बोलेल?

घाटाजवळच्या शेवटच्या घरात सारजा राहायची आणि तिचे वडील. वडील गावचे नावाडी. चाळीस वर्षं त्यांनी भर धुक्यात नाव हाकली होती, तीही दोराशिवाय. ते नदी कानांनी ओळखत. पाणी खडकावर कसं बोलतं, वाळूवर कसं बोलतं, कुठं गप्प बसतं, सगळं त्यांना ठाऊक. गाव त्यांना नावाडीबाबा म्हणायचं.

मग हळूहळू नावाडीबाबांच्या डोक्यातही धुकं उतरलं. पण ते दिवस कासराभर वर आला तरी उठेना. आधी माणसांची नावं गेली. मग जेवलो की नाही ते गेलं. मग सारजाची आई आठ वर्षांपूर्वी वारली हे गेलं. ते रोज विचारायचे, “तुझी आई कुठंय?” सारजा पहिल्यांदा खरं सांगायची. ऐकून ते असे रडायचे, जणू बातमी आत्ताच आली. रोज सकाळी तीच बातमी, रोज सकाळी तेच रडणं. शेवटी एक दिवस सारजा म्हणाली, “आई नदीवर गेलीय धुणं घेऊन. येईल.”

“हां,” नावाडीबाबा म्हणाले. “उशीर करते नेहमी.” आणि निवांत बसले.

तेव्हापासून ती रोज हेच सांगायची. खोटं बोलतेय म्हणून मनाला टोचायचं. पण खरं बोलल्यावर जे व्हायचं, ते त्याहून जास्त टोचायचं.

हातांना मात्र काहीच विसर पडला नव्हता. पहाटे धुकं चढायला लागलं की नावाडीबाबा उठून बसत. “उतारू थांबलेत,” म्हणत आणि चालू लागत. गावाला आता पलीकडचा नावाडी धुकं उठल्यावर येऊन नेई-आणी. पण बाबांची जुनी नाव घाटावर बांधलेली होती. ती दिसली नाही की ते लहान मुलासारखे कासावीस होत, म्हणून सारजानं ती तशीच ठेवली होती. आणि बाबा निसटू नयेत म्हणून तिनं एक मऊ, बारीक दोर वळला. त्याचं एक टोक त्यांच्या मनगटाला, दुसरं आपल्या.

घाटावर पाणी भरणाऱ्या बायकांतली एक म्हणाली, “अगं बाई, बापाला दावणीला बांधलंय!” सगळ्या हसल्या. सारजाही हसली. घरी येऊन तिनं तो दोर सोडला, तासभर तसाच ठेवला आणि मग परत बांधला.

गाव वाईट नव्हतं बरं का. उलट फार मायाळू होतं. धुकं उठलं की माणसं नावाडीबाबांना बघायला यायची. कुणी ब्राह्मी आणायचं, कुणी तूप. प्रत्येकाजवळ एक उपाय असायचा, आणि एक आतेभाऊ, ज्याला त्या उपायानं गुण आला होता. आलेल्या माणसाला गूळ-पाणी द्यायची गावाची रीत. रिकाम्या तोंडी कुणाला पाठवायचं नाही. चार माणसं आली तर चार भांडी, दहा आली तर दहा. सारजा एका हातानं गूळ फोडायची, दुसऱ्या हाताला बाबा बांधलेले.

“किती करतेस गं बापाचं,” लोक गूळ चघळत म्हणायचे. “पोटी लेक असावी तर अशी. आमच्याच्यानं नसतं झालं बाई.”

जाताना उंबऱ्यात थांबून म्हणायचे, “काही लागलं तर सांग हं.”

“नको, जमतं माझं,” सारजा म्हणायची. तिला वाटायचं, काय लागतं ते सांगायला आधी बसून विचार करावा लागेल. आणि बसायलाच तर मिळत नाही.

लोक गेले की ती भांडी घासायची.

एक दिवस दोरतात्या दोर तपासत आले. त्यांनी सारजाच्या दारापासून ठकूमावशीच्या दारापर्यंत हात फिरवला आणि मान हलवली. “झिजलाय हा. वाख सुटायला लागलाय. कधी बदलणार?”

“वळते तात्या. या आठवड्यात.”

“मागच्या आठवड्यातही हेच म्हणालीस.”

ती खोटं बोलत नव्हती. पण दोर वळायला दोन माणसं लागतात. एकानं आकडी धरून फिरवत राहायचं, दुसऱ्यानं वाख सोडत मागं मागं जायचं. तिनं आकडी बाबांच्या हातात देऊन पाहिली होती. त्यांनी ती मन लावून फिरवली. थोडा वेळ उजवीकडे आणि मग, कंटाळा आला म्हणून असेल, तेवढाच वेळ डावीकडे. संध्याकाळी बघावं तर जेवढा पीळ बसला होता तेवढाच सुटला होता. सारजाला हसू आलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं, ते तिचं तिलाच समजलं नाही.

त्या हिवाळ्यात तिची झोप गेली. बाबा रात्री चार-चारदा उठत आणि मनगटाला ओढ बसली की ती जागी होई. एकदा तिच्या मनात आलं, हा दोर सुटला तर? सुटू दिला तर? विचार आला आणि गेला, माशी येऊन जावी तसा. पण ती इतकी घाबरली की दुसऱ्या दिवशी तिनं बाबांसाठी रव्याची खीर केली आणि त्यांच्याकडे बघायचं टाळत त्यांना भरवली.

आणि रोज सकाळी ठकूमावशीच्या दारातून हिसका आला की सारजा एक हिसका परत द्यायची. ‘आहोत, सगळं ठीक.’

मग ती सकाळ उजाडली.

त्या दिवशी धुकं इतकं होतं की ते उंबरा ओलांडून घरात आलं होतं. सारजा दाराच्या चौकटीला टेकून बसली होती. बसली, एवढंच तिला आठवत होतं. वरून हिसका आला. झोपेतच तिचा हात उठला, दोरावर गेला आणि त्यानं सवयीनं एक हिसका परत दिला. सगळं ठीक.

मग तिनं डोळे उघडले.

मनगटाचा बारीक दोर तिच्या मांडीवर होता. तुटलेला नव्हता. गाठ नीट सोडवलेली होती आणि दोराचं सुबक वेटोळं करून ठेवलेलं होतं, नाव सोडताना नावाडी ठेवतो तसं.

“बाबा?”

चुलीपाशी धुकं बसलं होतं. खाटेवरही धुकंच होतं.

ती घाटाच्या दोराला धरून धावत सुटली. खुंटीपाशी पोचली आणि खुंटीवर हात फिरवला. खुंटी मोकळी होती. नाव गेली होती.

आणि मग दूर, धुक्याच्या आतून, आवाज आला. अगदी शांत, रोजचा, चाळीस वर्षांपूर्वीचा आवाज. “चला, एकेकानं बसा. घाई नाही. नाव डुलेल.”

“बाबा!” तिनं हाक मारली. धुक्यानं ती हाक घेतली आणि कुठंतरी ठेवून दिली.

नदी तिथं संथ होती. पण खाली, पाव कोसावर, कातळ होते. तिथं पाणी दोन हात खाली उडी घ्यायचं. वल्ही मारणारे हात म्हातारे होते. नाव आज ना उद्या तिकडेच जाणार, आणि तो ‘उद्या’ म्हणजे फार तर घटकाभरानं.

सारजा पाण्यात उतरली. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत. मी आणते, ती स्वतःला म्हणाली. मीच आणते. जमतं माझं. दोन हिसके दिले तर सगळा गाव येईल. सगळ्यांना कळेल की मला झोप लागली. ‘लेक असावी तर अशी’ म्हणणारे येऊन उभे राहतील आणि मी काय सांगू? आग नाही, पूर नाही, बिबट्यासुद्धा नाही. नुसती झोप लागली. आणि एक हिसका तर मी आत्ताच दिलाय, सगळं ठीक म्हणून.

पाणी कमरेला लागलं. गार, जड, ओढणारं. तिचा एक पाय सुटला आणि परत टेकला.

तेव्हा तिच्या मनात एक अगदी साधी गोष्ट आली. मी बुडाले, तर उद्या सकाळी बाबांना ‘आई नदीवर गेलीय’ असं कोण सांगणार?

ती मागं फिरली. ओल्या लुगड्यानं धडपडत घाट चढली, आपल्या दारापाशी आली, ठकूमावशीकडे जाणारा दोर दोन्ही हातांनी धरला आणि एक हिसका दिला. मग डोळे मिटून दुसरा.

दुसऱ्या हिसक्याला दोर तुटला.

झिजला होता ना तो. तुटलेलं टोक तिच्या हातात राहिलं आणि ती तशीच मागं पडली. वर ठकूमावशीच्या दारात एकच हिसका पोचला होता.

ठकूमावशी दारात बसून वाख विंचरत होती. हिसका आला तशी ती थबकली. तिचा सकाळचा हिसका तर केव्हाच परत आला होता, मग हा कुठला? तिनं दोराला हात लावला. दोर सैल होता. तिनं ओढला. तो मुकाट्यानं ओढला गेला, पलीकडे कुणीच नसल्यासारखा.

तेवढ्यात दोरतात्या दोर चाचपत खाली येत होते. त्यांना ती म्हणाली, “तात्या, खालून अवेळी हिसका आला.”

“किती आले?”

“एक.”

“मग नियमानं ठीक आहे.”

“घाला तुमचा नियम चुलीत,” ठकूमावशी म्हणाली आणि तो सैल दोर गोळा करत करत खाली निघाली. दोर संपला तिथं ती हाताला हवा लागते का बघत चालली. सत्तरीची बाई, धुक्यात, दोराशिवाय. तात्यांनी क्षणभर विचार केला आणि मग तिच्या पदराचं टोक धरून तेही निघाले.

सारजा दारात बसली होती. समोर कुणीतरी आलं एवढं तिला दिसलं आणि तिची जीभ सवयीनं म्हणाली, “या मावशी, बसा. गूळ आण—”

“गुळाला आग लाव. काय झालं?”

“काही ना—” सारजा म्हणाली आणि तिथंच अडली. “बाबा गेले नाव घेऊन. मला झोप लागली, मावशी. मला झोप लागली.”

“झोप लागली?” ठकूमावशी म्हणाली. “मग काय डाका घातलास का? माणसाला लागते झोप. ऊठ.”

ती जशी आली तशीच माघारी गेली, तात्यांच्या आधी पोचली आणि आपल्या दारातल्या वरच्या दोराला धरून दोन हिसके दिले. मग आणखी दोन. तिचा तो जाडजूड दोर वरच्या घराची चौकट हलवेल असा होता. हिसके घराघरांतून वर गेले आणि माणसं घाटाकडे येऊ लागली. कुणी घागर घेऊन आलं, कुणी कोयता, कारण आग की बिबट्या ते माहीत नव्हतं. उतूही आली. ती सगळ्यात आधी पोचली होती.

घाटावर एक डोणी होती, एका झाडाच्या खोडाची कोरलेली, जेमतेम एक माणूस बसेल एवढी. सारजा तिच्यात बसली. “मी नावाड्याची लेक आहे. हाकते.”

“आणि परत कशी येशील?” तात्या म्हणाले. “धुक्यात काठ कुठला आणि कातळ कुठला? काठाला बांधलेला दोर पाहिजे कमरेला. आणि एवढा लांब दोर गावात नाही.”

सगळ्यांना ठाऊक होतं की तेवढा दोर गावात होता. पण तो दारांना बांधलेला होता. आणि धुकं असताना दारावरचा दोर सोडायचा नाही, हा तर गावाचा पहिला नियम. दोर सोडला की घर हरवलं. मग आपलं दार सापडायला दिवस वर यायची वाट बघत बसा.

दोरतात्या उभे राहिले. त्यांचा स्वतःचा दोर त्यांच्या आज्यानं वळलेला होता आणि त्याला ते दिवाळीला तेल लावत. ते वर गेले. थोड्या वेळानं धुक्यातून परत आले तेव्हा खांद्यावर वेटोळं होतं.

मग बाकीचे गेले. कुणी कुणाला सांगितलं नाही. धुक्यात नुसता गाठी सुटल्याचा, दोर जमिनीवरून सरपटत आल्याचा आवाज येत राहिला. थोड्याच वेळात त्या गावात एकही दार दुसऱ्या दाराला बांधलेलं उरलं नाही आणि घाटावर एकच लांबच लांब दोर तयार झाला. एक टोक खुंटीला, एक सारजाच्या कमरेला, मधे सगळा गाव धरून.

डोणी पाण्यात शिरली. काठ गेला, माणसं गेली, वर-खाली दोन्हीकडे पांढरं झालं. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते उरलं नाही. सारजाला वाटलं, बाबांच्या डोक्यात रोज असंच असतं का? मग ते रडतात ते कमीच रडतात.

“बसा, बसा. पोरांना मधे घ्या,” आवाज आला. ती त्या आवाजाकडे वल्हवत राहिली. मागं दोर सुटत होता, सुटत होता आणि एकदम ताठ झाला. गावातला दोर संपला.

नाव तिला दिसत होती. म्हणजे नावेचं नाक दिसत होतं, दहा-बारा हातांवर. आणि त्यापलीकडे कातळांवर पाण्याचा घोगरा आवाज.

“बाबा! इकडे या! बाबा!”

नावेतल्या म्हाताऱ्यानं मान वळवली. धुक्यात बसून ही कुठली बाई कुणाच्या बाबांना बोलावतेय, अशा नजरेनं पाहिलं आणि वल्हं पुन्हा पाण्यात घातलं. नाव सरकली. आता ती पंधरा हातांवर होती.

सारजानं हाका मारायचं थांबवलं. तिनं एक श्वास घेतला आणि नदीकाठावर थांबलेली माणसं ओरडतात तशी ओरडली, “ओ नावाडीदादा! उतारू हाय!”

वल्हं थांबलं.

“थांब ताई,” नावाडीबाबा म्हणाले. “आलो. उतारू टाकून नाव जात नसते.”

आणि त्यांनी नाव वळवली. तोच हात, तीच मनगटाची लकब. पाणी कुठं गप्प आहे ते ऐकत, कातळाच्या ओढीला बगल देत त्यांनी ती डोणीला अलगद आणून भिडवली. त्यांनी हात पुढे केला. सारजा तो धरून नावेत चढली.

“कुठं जायचं, ताई?”

“घरी.”

“कुणाकडे?”

“तुमच्याचकडे.”

“बरं,” ते म्हणाले. “सावकाश बस. उजव्या अंगाला कातळ आहे. ऐकू येतोय ना?”

“येतोय,” सारजा म्हणाली. तिनं कमरेच्या दोराला दोन हिसके दिले. या वेळी तिनं डोळे मिटले नाहीत.

काठावरून ओढ आली. ऐंशी हातांनी दोर ताठ धरून ठेवला होता. सारजा दोर हातात धरून गोळा करत राहिली आणि दोराबरोबर तिच्या तळव्याखालून एकेक दार सरकत गेलं. हा जुना, तेल प्यालेला, तात्यांचा. हा बुळबुळीत तेल्याचा. हा मऊ, मधे सुती धागा, विणकराचा. हा उतूचा, मधे एक घाईनं मारलेली गाठ. हा खरखरीत, ठकूमावशीचा. आणि शेवटी खुंटीला बांधलेला तिचा स्वतःचा, तुटलेला आणि परत जोडलेला. सगळ्या गावाच्या दारांवरून चालत ती घरी आली.

घाटावर पाय ठेवल्या ठेवल्या कुणीतरी गहिवरून म्हणालं, “धन्य गं बाई तुझी, लेक असावी तर—”

“धन्य-बिन्य पुरे आता,” ठकूमावशी म्हणाली. “इतके दिवस धन्यच म्हणत होतो. तिला झोपू दे.”

सारजा झोपली. एक दिवस, आणि त्यापुढचा अर्धा. ती झोपली असताना धुकं उठलं. लोकांनी आपापले दोर ओळखून नेले. दोन घरांचे अदलाबदल झाले, ते कायमचेच.

ती जागी झाली तेव्हा घरात दोन आवाज येत होते. नावाडीबाबा खाटेच्या एका टोकाला बसून लाटणं वल्ह्यासारखं मारत होते आणि दुसऱ्या टोकाला ठकूमावशी पाय जवळ घेऊन बसली होती.

“आलं का हो पलीकडचं गाव?” मावशी विचारत होती.

“हे काय, आलंच.”

सारजाला उठलेलं बघून मावशी म्हणाली, “सकाळपासून चार वेळा पलीकडे जाऊन आले मी. पाय भिजले नाहीत एवढंच. आता तेलीण येईल, तिला माहेरी सोडायचंय त्यांना.”

मग दोरतात्यांनी गाव बोलावला. त्यांनी तीन बोटं वर केली, बराच वेळ बघितली आणि चौथं उघडलं. “आग, पूर, बिबट्या,” ते म्हणाले, “आणि माणूस थकलं तर.” ते पुढे म्हणाले, “एका हिसक्यावर भागत नाही, हे मला माझ्या वयाला कळलं. सकाळचा हिसका झाला की प्रत्येकानं शेजारच्या घराला एक सावकाश ओढ द्यायची. हिसका म्हणजे घर कसं आहे. आणि ओढ म्हणजे, तू कशी आहेस, बाई?”

“आणि बघायला जाणाऱ्यानं पाणी आपलं आपण घेऊन जायचं,” उतू मागून म्हणाली. सगळे हसले, पण नियम तोही झाला. जो येईल त्यानं एक काम उचलायचं आणि गूळ मागायचा नाही.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. विणकरानं बाबांना सदरा उलटा घातला. तेलिणीनं त्यांना लोणचं दिलं, जे त्यांना सोसत नव्हतं. पहिल्या दिवशी मोकळा वेळ मिळाला तेव्हा सारजा घाटापर्यंत गेली, परत आली, वाडगं कुठंय ते सांगून गेली, परत आली, आणि तिसऱ्यांदा आली तेव्हा ठकूमावशीनं दार लावून घेतलं. आतून बाबांचा आवाज आला, “कोण आहे?” आणि मावशीचा, “उतारू आहे. म्हणावं, पुढच्या खेपेला.”

सारजा घाटाच्या पायरीवर बसली. हात रिकामे होते. मनगटाला दोर नव्हता तिथं एक पांढरा वळ होता, त्यावर तिनं बराच वेळ अंगठा फिरवला. मग उतू आली, तिच्या हातात आकडी होती. “चल,” ती म्हणाली. “तुझा दोर वळू. मी फिरवते, तू वाख सोड. आणि दूध तापत ठेवलेलं नाही, निवांत वळ.”

नावाडीबाबांनी पुढचे दोन हिवाळे नाव हाकली, खाटेवरची. गावातलं झाडून सगळं माणूस त्यांनी पलीकडे नेऊन परत आणलं. आणि एका सकाळी, भर धुक्यात, उशाशी सारजा आणि पायाशी ठकूमावशी असताना, त्यांनी विचारलं, “तुझी आई आली का गं धुणं घेऊन?”

“आली, बाबा.”

“हां,” ते म्हणाले. आणि एकटेच पलीकडे गेले.

पुढे काही वर्षं गेली. ठकूमावशीची लहानपणीची एक मैत्रीण होती, पार्वता नावाची. तिचं कुणी नव्हतं आणि तिचे पाय गेले, तेव्हा मावशीनं तिला आपल्या घरी आणलं. “नात्याची नाही म्हणून काय झालं,” ती म्हणाली. “सात वर्षांची असताना आम्ही एका फांदीवरून पडलोय.” लोक मदतीला जायला लागले तर ती म्हणायची, “आधी सारजासारख्यांकडे जा. माझं काय, मी खंबीर आहे.”

एका सकाळी वरून हिसका आला. सारजानं उत्तर दिलं. मग तिनं मावशीच्या दाराकडे सावकाश ओढ दिली. तू कशी आहेस, बाई?

उत्तर आलं. एक हिसका. पण ते ओढ पुरती व्हायच्या आतच आलं, झटकन, कुणी दार लोटून घ्यावं तसं.

सारजा क्षणभर दोर हातात धरून उभी राहिली. मग तिनं पाण्याचा तांब्या भरून घेतला आणि दोराला धरून वर निघाली.

मावशी चौकटीला टेकून बसली होती. केस विंचरलेले नव्हते. तिनं मान वर केली. “कशाला आलीस? मी तर एकच दिला.”

“हो,” सारजा म्हणाली, “पण फार चटकन दिलास.”

मावशी काहीतरी खरखरीत बोलणार होती. तिचं तोंडही उघडलं. पण तिनं डोकं पुन्हा चौकटीला टेकवलं. सारजानं तांब्या उंबऱ्यावर ठेवला, आत जाऊन पार्वतामावशीजवळ बसली आणि तिथूनच म्हणाली, “झोप आता. दिवस कासराभर वर आला की उठवते.”

तात्पर्य: आजाऱ्याला बघायला जाल तेव्हा त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाकडेही बघा, आणि ‘जमतं माझं’ हे उत्तर फार चटकन आलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. आणि उशाशी बसलेलं ते माणूस तुम्हीच असाल, तर दुसरा हिसका द्यायला आगीची वाट पाहू नका.